औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण कोणासाठी असतो?

एका ताईंनी विचारलं आहे: "माझे वडील दारव्ह्याकडे कापूस आणि तूर करतात. मी पुण्यात असते. परवा व्हिडिओ कॉलवर ते फवारणीला निघालेले दिसले. हातात मोजे नाहीत, तोंडाला नुसता दुपट्टा. मी रागावले तर म्हणाले, 'अगं, हिरव्या त्रिकोणाचं औषध आहे, यानं काही नाही होत.' शेजारचे काका तर दुकानात मुद्दाम लाल त्रिकोणाचं मागतात, ते जालीम असतं म्हणे. या त्रिकोणाचा खरा अर्थ काय? रंग बघून नेमकं काय ठरवायचं?"

ताई, मी ३१ वर्षं कृषी खात्यात होतो आणि त्यातली बरीचशी यवतमाळ-वाशिम भागातल्या कापसाच्या शिवारात गेली. तुमच्या वडिलांचं वाक्य आणि काकांचं वाक्य, दोन्ही मी शेकडो वेळा ऐकली आहेत. वरवर ती उलटी वाटतात, पण चूक एकच आहे. दोघंही तो रंग अळीच्या बाजूनं वाचतात. तो रंग अळीचा नाही, फवारणाऱ्या माणसाचा आहे. औषध किडीवर किती चालेल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तुमच्या वडिलांच्या अंगात ते गेलं तर काय होईल, एवढंच सांगायला तो तिथे छापलेला असतो.

आता एखादी बाटली हातात घेऊन बघू. गावात सगळे त्याला त्रिकोण म्हणतात, पण ती मुळात चौकट आहे, पत्त्यांतल्या चौकटसारखी कोपऱ्यावर उभी केलेली. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तिचं वर्णन अगदी काटेकोर आहे: ४५ अंशांत वळवलेला चौरस, लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याइतका मोठा, आणि मधून आडवी रेघ मारून दोन सारखे त्रिकोण केलेले. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्या त्रिकोणात शब्द. रंग डोळ्यात भरतो म्हणून लोक फक्त खालचा अर्धा भाग बघतात आणि 'त्रिकोण' म्हणतात. वरचा अर्धा भाग पांढरा असतो, त्यामुळे तो वाचायचा राहून जातो. शंभर मिलीच्या बाटलीवर ही अख्खी चौकट बोटाच्या नखाएवढी होते आणि तिच्यातला शब्द चष्म्याशिवाय दिसत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला तर नाहीच.

वरच्या भागात काय असतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लाल रंगावर कवटी आणि दोन हाडं, आणि लाल अक्षरांत 'विष'. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'विष' हा शब्द असतोच, तोही लाल अक्षरांत. निळ्यावर 'धोका' या अर्थाचा शब्द आणि हिरव्यावर 'सावधान'. म्हणजे चारपैकी दोन रंग सरळ सरळ विष म्हणून जाहीर केलेले आहेत. आपल्याकडे मात्र कवटी दिसली तरच विष, असा समज पक्का बसला आहे. पिवळ्या त्रिकोणानं जितकी माणसं गाफील ठेवली तितकी दुसऱ्या कुठल्या रंगानं ठेवली नसतील, असं माझं मत आहे. त्याकडे पुढे येतो.

हे रंग ठरतात कसे? प्रयोगशाळेत उंदरांना औषध देऊन बघतात. दिलेल्यांपैकी निम्मे उंदीर मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागलं, तो आकडा काढतात. आकडा जितका लहान, तितकं विष तीव्र. तोंडावाटे दिल्यावर हा आकडा ५० पर्यंत आला तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याहून वर हिरवा. कातडीवाटे शरीरात जाण्याचा हिशोब वेगळा: २०० पर्यंत लाल, २००० पर्यंत पिवळा, २०,००० पर्यंत निळा. आपल्या शेतकरी मासिकांत आणि खात्याच्या पत्रकांत यालाच अत्यंत विषारी, जास्त विषारी, मध्यम विषारी आणि कमी विषारी असं लिहितात. 'कमी विषारी' हे शब्द नीट ऐकावेत. 'बिनविषारी' असा पाचवा रंग या चौकटीत नाहीच.

आकडा उंदराचा आहे हे कळलं, की काकांचा 'जालीम' आपोआप निकालात निघतो. अळीला या मोजणीत कुणी विचारलेलंच नाही. मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचं. ते आणि त्याच्या कुळातली ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं किडीच्या मज्जासंस्थेतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. तेच विकर माणसाच्या शरीरातही आहे आणि तिथेही तेच काम करतं. म्हणून किडीला जे होतं तेच फवारणाऱ्यालाही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूला क्लोरँट्रॅनिलिप्रोल घ्या. त्रिकोण हिरवा, कापसाला एकरी ६० मिली पुरतं आणि बोंडअळी खाणं थांबवते. ते किडीच्या स्नायूंमधल्या एका ठिकाणावर बसतं. सस्तन प्राण्यांत ते ठिकाण वेगळ्या घडणीचं असल्यानं आपल्यावर त्याचा जोर फार कमी पडतो. म्हणजे अळीला जालीम आणि माणसाला सौम्य असं औषध असू शकतं. माणसाला घातक आणि त्या अळीवर मात्र निरुपयोगी, असंही असू शकतं. काकांना एवढंच विचारा, की लाल बाटलीचे पैसे ते कुणाला मारायला देतात.

एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मी उभा होतो. जुलैचे दिवस, पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं गुडघ्यापर्यंत आलेली. एक माणूस आला, खिशातून रिकामी बाटली काढली, तिच्यावरच्या लाल त्रिकोणावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हेच द्या. पानावरचा तुडतुडा दुसऱ्यानं जात नाही." त्याला औषधाचं नाव माहीत नव्हतं. घटक माहीत नव्हता. बाटलीवरची त्याच्या ओळखीची खूण ती एकच. अक्षर न वाचणाऱ्या माणसालाही कळावी म्हणून केलेली खूण त्याला कळली होती, फक्त उलट्या अर्थानं. दोष त्याचा म्हणू नये. रंगाचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता आणि सांगायचं काम माझ्यासारख्यांचं होतं.

खुणेचा अर्थ असा निसटायला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. लाल त्रिकोण म्हटलं की जुन्या पिढीला कुटुंब नियोजन आठवतं. भिंतीवर, बसवर, आरोग्य केंद्राच्या पाटीवर तोच टोक खाली केलेला लाल त्रिकोण असायचा. कीटकनाशकाच्या चौकटीचा खालचा भागही नेमका तसाच, टोक खाली. एका आजीबाईंनी मला खरंच विचारलं होतं, की हे सरकारी औषध आहे का. हिरव्याचं तर त्याहून अवघड. बिस्किटाच्या पुड्यावर चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, रस्त्यावर हिरवा दिवा म्हणजे जा. दिवसभर हिरव्याला 'बिनधोक' म्हणायची सवय लागलेला डोळा शेतात आल्यावर वेगळं कसं वाचेल? म्हणून तुमच्या वडिलांवर चिडू नका. त्यांची चूक होणं स्वाभाविक आहे.

ही खूण आली कुठून, हेही सांगतो, कारण ते कळल्यावर तिच्याकडे बघायची नजर बदलते. १९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं गेली. खाण्याचे जिन्नस आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं, आणि सांडलेलं औषध अन्नात मिसळलं होतं. पॅराथिऑन मोनोक्रोटोफॉसच्याच कुळातलं. त्या घटनेची चौकशी झाली, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम. शेतात एक पाऊल न ठेवलेली माणसं पोळी खाऊन मेली, हे या चौकटीच्या मुळाशी आहे. तेव्हा ती फक्त शेतकऱ्यासाठी आहे असंही समजू नका. ती गोदामातल्या हमालासाठी आहे, टेम्पोवाल्यासाठी आहे आणि बाटली फळीवर ठेवणाऱ्या तुमच्या आईसाठीही आहे.

आता हिरव्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. हिरवा त्रिकोण सांगतो ते एवढंच, की एका वेळी बऱ्यापैकी मोठी मात्रा शरीरात गेल्याशिवाय आजच्या आज जीवघेणी विषबाधा व्हायची शक्यता कमी. 'आजच्या आज' हे महत्त्वाचं. वीस वर्षं दर हंगामात थोडं थोडं अंगावर घेतल्यानं काय होतं, हे त्या आकड्यात नाही. मॅन्कोझेब हे आपल्याकडचं रोजच्या वापरातलं बुरशीनाशक, द्राक्षापासून टोमॅटोपर्यंत सगळीकडे, त्रिकोण हिरवा. युरोपीय संघानं २०२० च्या डिसेंबरात त्याची मंजुरी पुढे न वाढवायचं ठरवलं. प्रजननावर आणि शरीरातल्या संप्रेरकांवर होणाऱ्या परिणामांची चिंता हे त्यातलं मोठं कारण होतं. उद्यापासून कुणी मॅन्कोझेबला हात लावू नये, असं मला म्हणायचं नाही. पण त्याची पावडर बादलीत टाकताना धुरळा उडतो आणि तो नाकात जातो. त्या धुरळ्याबद्दल हिरवा रंग तुम्हाला काही सांगणार नाही.

डोळ्याबद्दलही सांगणार नाही. मधमाशीबद्दल नाही, ओढ्यातल्या माशाबद्दल नाही. फवारल्यावर किती दिवसांनी तोडणी करायची, हे तर रंगावरून ओळखताच येत नाही. नाशिकचे द्राक्षवाले ज्याला पीएचआय म्हणतात, तो काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ लेबलवर किंवा सोबतच्या घडीपत्रकात वेगळा शोधावा लागतो. हिरव्या त्रिकोणाच्या औषधाचा हा काळ पिवळ्यापेक्षा जास्त असू शकतो. घरच्या वांग्यावर सकाळी 'हिरवंच तर आहे' म्हणून मारायचं आणि संध्याकाळी तीच वांगी भाजीला घ्यायची, हे मी चांगल्या शिकलेल्या घरात पाहिलं आहे.

आणि पिवळा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात जे झालं, ते तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिलं असेल. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणीच्या विषबाधेनं विसाहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोहोचले. कुणी औषध प्यालेलं नव्हतं. सगळं श्वासातून आणि कातडीतून गेलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा खाली मारायचा तो वर मारावा लागत होता, आणि वर मारलेला फवारा परत तोंडावर, छातीवर येतो. त्यात जास्त दाबाचे पंप, दमट उकाडा, आणि एका टाकीत तीन-तीन औषधांची खिचडी. त्या काळात वापरात असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतं, तशीच पिवळ्या त्रिकोणाची प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनची मिश्रणंही होती. ज्या बाटल्यांवर कवटी नाही त्यांचं भय कुणाला नव्हतं.

खिचडीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. चौकट त्या एका बाटलीतल्या औषधाची असते. दोन पिवळी औषधं एका पंपात ओतली की त्या मिश्रणाचा रंग कुणी मोजलेला नसतो. कंपनीनं स्वतः दोन घटक एकत्र करून विकलेलं असेल तर त्याची तपासणी होऊन त्याला स्वतःची चौकट मिळते. बांधावर बादलीत केलेल्या मिश्रणाला चौकटच नाही. मी लोकांना सांगायचो, की दोन बाटल्या मिसळल्या की तुम्ही दोन्ही लेबलं पुसून टाकली असं समजा.

पॅराक्वॅट हे तणनाशकही पिवळ्याच गटातलं. त्यावर उतारा नाही. पोटात गेलं तर फुप्फुसं निकामी होत जातात, तेही काही दिवसांनी, माणूस सुरुवातीला बोलता-चालता असताना. उतारा आहे की नाही, हे रंग सांगत नाही. ते लेबलवर 'विषबाधेवर उतारा' या ओळीत बघावं लागतं. उतारा नाही असं लिहिलेलं असेल तर त्या बाटलीला, रंग कोणताही असो, लालसारखंच वागवावं.

लालबद्दल फार लिहायची गरज नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी होतीच. २०२३ च्या आदेशानं त्याच्या ३६ टक्के द्रावणाची विक्री आणि वापरही बंद करायचं ठरलं आणि उरलेला साठा संपवायला एक वर्षाची मुदत मिळाली. ती मुदत आता सरली आहे. तरी तुमच्या कोठ्यात पत्र्याच्या मागे एखादी जुनी अर्धी बाटली निघू शकते. ती 'वाया कशाला घालवायची' म्हणून पंपात जाते. तेवढं होऊ देऊ नका. कुठे ओतूनही देऊ नका. झाकण घट्ट लावून, लेबल तसंच ठेवून कृषी सहायकाला कळवा.

घरात साठवलेल्या ज्वारी-गव्हात कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्याही लालच. हवेतल्या दमटपणानं त्यांतून विषारी वायू निघतो, आणि ज्या खोलीत धान्याची कणगी त्याच खोलीत लेकरं झोपलेली असतात. घरगुती साठ्यात त्या ठेवू नयेत, इतकं स्पष्ट सांगतो. कडक ऊन दाखवून, चाळून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरलेलं धान्य चांगलं टिकतं.

तुम्ही पुण्यात राहता म्हणून हेही सांगतो. डासांच्या द्रव औषधाची कुपी, झुरळांचा फवारा, उंदरांची वडी, मुंग्यांची पावडर, हे सगळं त्याच कायद्याखाली येतं. आज रात्री कुपी फिरवून बघा, कोपऱ्यात तीच छोटी चौकट सापडेल. घरी पेस्ट कंट्रोलवाले आले तर त्यांच्या डब्याचं लेबल दाखवायला सांगा. दाखवायला काचकूच करणाऱ्यांना कामाला लावू नका. रस्त्यावरच्या टँकरच्या मागेही कोपऱ्यावर उभी चौकट दिसते, पण ती निराळी. ती वाहतुकीतल्या घातक मालाची आहे, तिच्यातला आकडा ज्वालाग्राही की दाहक ते सांगतो. तिचे रंग इथे लावू नका.

बाटलीवर चौकटच नसेल तर? 'टॉनिक', 'पॉवर', 'जैविक' अशा नावांनी येणाऱ्या बाटल्यांचा हा प्रश्न आहे. पिकाच्या वाढीसाठी असलेलं खत किंवा जैव-उत्तेजक वेगळ्या कायद्याखाली येतं, त्याला ही चौकट लागत नाही. पण जी बाटली कीड किंवा रोग मारायचा दावा करते, तिच्यावर चौकट, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असलीच पाहिजे. अळी तीन तासांत पडते असं सांगणारी आणि चौकट नसलेली बाटली ही माझ्या दृष्टीनं सर्वांत धोक्याची, कारण आत काय आहे हे डॉक्टरलाही कळणार नाही. पक्कं बिल मागा. बिलावर औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक येऊ द्या.

रिकाम्या बाटलीवरची चौकटही तितकीच खरी असते. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या छपरा भागातल्या गंडामन गावी शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाचं तेल ज्या भांड्यात ठेवलं होतं, त्यात आधी मोनोक्रोटोफॉस होतं. आपल्या शिवारात अजूनही पाच लिटरचे कॅन पाण्याला, रॉकेलला, बियाण्याला वापरताना दिसतात. बाटली रिकामी झाली की तीन वेळा पाण्यानं खळखळून ते पाणी पंपातच ओतायचं, आणि मग बाटलीला खालून-वरून भोकं पाडायची, म्हणजे तिच्यात पुन्हा काही ठेवताच येत नाही. उलट दिशेनंही हीच काळजी घ्यावी. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. चौकट बाटलीबरोबर राहते, औषधाबरोबर जात नाही.

सगळी औषधं घरापासून दूर, कुलपाच्या पेटीत असावीत आणि किल्ली एकाच माणसाकडे. लेकरांसाठी तर हवंच. पण घरात कुणाचं मन फार खचलेलं असेल, कर्जाची, नापिकीची रात्र असेल, तेव्हाही ते कुलूप फार मोलाचं ठरतं. अशी रात्र निघून जाऊ शकते, फक्त त्या वेळी हाताशी बाटली नको. घरात असं कुणी असेल तर त्याच्याशी उघड बोला, एकटं सोडू नका आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता फवारताना त्रास झाला तर. मळमळ, डोकं जड, तोंडाला लाळ सुटणं, घाम, नजर अंधुक होणं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, छातीत घरघर: यातलं एक जरी दिसलं तरी 'उन्हानं झालं असेल' म्हणू नका. पंप उतरवायचा, शेताच्या बाहेर मोकळ्या हवेत यायचं, अंगावरचे सगळे कपडे काढायचे आणि साबण-पाण्यानं अंग धुवायचं. औषध पोटात गेलं असेल तरी उलटी करवायची नाही. दूध, तूप, ताक, मिठाचं पाणी काही पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची. चारही बाजूंचे फोटो काढून नेले तरी चालतील, पण चारही बाजूंचे. नुसता त्रिकोणाचा फोटो दाखवून उपयोग होत नाही, कारण एकाच रंगाखाली अगदी वेगवेगळ्या कुळांची औषधं असतात. ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर अॅट्रोपिन द्यावं लागतं. सायपरमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड असेल किंवा पॅराक्वॅट असेल, तर उपचार निराळे. डॉक्टरांना घटकाचं नाव हवं असतं. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा. पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, रंग बघून काय ठरवायचं. माझा नेम साधा होता. खरेदीच्या वेळी रंग बघायचा: त्याच किडीवर त्याच पिकाला शिफारस असलेली दोन औषधं असतील तर हिरव्या-निळ्याकडचं घ्यायचं. फवारणीच्या वेळी रंग विसरायचा. बाटली कोणतीही असो, मोजे, लांब बाह्यांचा सदरा, पायजमा, गमबूट, मास्क आणि चष्मा तेच. हिरव्याला उघड्या हातानं फवारायची सवय लागली की तोच हात नकळत पिवळ्यालाही तसाच जातो.

तुमच्या वडिलांच्या तोंडावरच्या दुपट्ट्याबद्दल. दुपट्टा तुषारानं भिजतो आणि मग ओलं औषध तासभर नाकाला आणि ओठांना लावून ठेवल्यासारखं होतं. काही वेळा त्यापेक्षा न बांधलेला बरा. त्यांच्या पंपाच्या टाकीचं झाकण आणि पाठीवरचा पट्टाही तपासायला सांगा. गळक्या पंपानं पाठ भिजते, आणि कातडीवाटे जाणाऱ्या औषधाला घामानं ओली पाठ म्हणजे उघडं दार. तो भिजलेला सदरा तुमची आई घरच्या कपड्यांबरोबर हातानं धुत असेल. तो वेगळा, मोजे घालून धुवायला हवा. आईच्या हाताची काळजी घ्यायला कुठल्याच बाटलीवर खूण नसते.

पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि लेबल तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा: आधी वरच्या त्रिकोणातला शब्द, मग घटकाचं नाव, मग उतारा, मग काढणीपूर्वीचे दिवस. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, तुम्हाला मोठं करून दिसेल. आणि दिवाळीला गावी जाताना नायट्रिल रबराचे कोपरापर्यंतचे दोन जोड मोजे घेऊन जा, एक आईसाठी. सोबत जुना दात घासायचा ब्रशही टाका. नोझल अडकलं की वडील ते तोंडानं फुंकून मोकळं करत असतील. त्या कामाला तो ब्रश लागेल.